हनोईच्या वाडग्यातला इतिहास

व्हिएतनामी भाषेत ‘खाणे’ या अर्थाचे एक इवलेसे क्रियापद आहे: ‘आन’. त्यांचे नववर्ष म्हणजे ‘तेत’. आणि तेत साजरे करणे याला त्या भाषेत रूढ शब्दप्रयोग आहे ‘तेत खाणे’. कोणाच्या लग्नसमारंभाला जायचे, तर तेही लग्न ‘खायला’. दोन शेजारणी वाटेत भेटल्या की पहिली विचारपूस होते ती ‘भात खाल्लात का?’ अशी. ज्या लोकांनी सण, सोयरीक आणि ख्यालीखुशाली या तिन्ही गोष्टी एकाच क्रियापदाला बांधून टाकल्या, त्यांचा इतिहास राजवाड्याइतकाच स्वयंपाकघरातूनही वाचला पाहिजे. फराळाच्या ताटावाचून ज्यांची दिवाळी पुरी होत नाही, त्या आपणां मराठी माणसांना हे निराळे समजावून सांगायला नको.

हनोई ही त्या देशाची राजधानी. अलीकडे आपल्याकडील पुष्कळ मंडळी हौसेने तिकडे फिरायला जातात. तेथे काय खावे, याची यादी त्यांना कोणीही देईल: फो, बुन चा, चा का, बान कुओन, कोम आणि अंडे घातलेली कॉफी. एका पोस्टकार्डावर मावेल एवढीच ही यादी. परंतु ती घेऊन शहरातून हिंडणाऱ्याला थोडा इतिहास ठाऊक असला, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. यांतल्या बहुतेक पदार्थांमागे कसली ना कसली उणीव उभी आहे. कोठे मांसाची, कोठे दुधाची, कोठे पिकलेल्या भाताची, तर कोठे घराची. हनोईच्या सुग्रणींनी आणि फेरीवाल्यांनी त्या उणिवेलाच फोडणी दिली आणि तिची चव केली.

* * *

शहर जुने आहे. इ. स. १०१० मध्ये ली थाय तो या राजाने होआ लूच्या डोंगराळ मुलखातली राजधानी हलवून ती तांबड्या नदीच्या काठी आणली आणि तिचे नाव ठेवले ‘थांग लाँग’, म्हणजे आकाशी झेपावणारा नागराज. त्याच्या आधी जवळजवळ एक हजार वर्षे हा मुलूख चिनी सम्राटांच्या ताब्यात होता. भाताचा वाडगा, चॉपस्टिक नावाच्या दोन काड्या, सोयाबीनचे पदार्थ या गोष्टी चिनी संसर्गाच्या खुणा म्हणून आजही दिसतात. १८०२ मध्ये राजधानी ह्युए येथे गेली. १८३१ मध्ये मिन्ह मांग या राजाने जुन्या शहराला ‘हनोई’ हे साधेसुधे नाव दिले. ‘नदीच्या आतले’ असा त्याचा अर्थ. पुढे फ्रेंच आले आणि १९०२ पासून हेच शहर त्यांच्या इंडोचायनाची राजधानी झाले.

जुन्या हनोईला ‘छत्तीस पेठांचे शहर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मोजायला बसले तर पेठा छत्तिसांहून अधिक भरतात. पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी, तपकीर गल्ली, तशा येथे मालाच्या नावाच्या गल्ल्या. ‘हांग’ म्हणजे माल. हांग मुओई ही मिठाची, हांग डुओंग साखरेची, हांग का मासळीची, हांग गा कोंबड्यांची, हांग थान कोळशाची आणि हांग माम ही मुरवलेल्या मासळीच्या सत्त्वाची. केवळ या पाट्या वाचत गेले तरी निम्मा स्वयंपाक डोळ्यांपुढे उभा राहतो.

या पाट्या रोमन अक्षरांत आहेत, आणि त्या अक्षरांच्या वाटेवर आपला गोवा लागतो. सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर युरोपीय पाद्र्यांनी व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत उतरवली. त्या कामात ज्याचे नाव पुढे आले, तो आलेक्सांद्र द रोद १६१९ मध्ये प्रथम गोव्यात उतरला आणि तेथील भाषा शिकत दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले ते १६१६ मध्ये, त्याच गोव्यात. परभाषेचे उच्चार रोमन अक्षरांत बसवण्याची खटपट तेथे आधीपासून चालूच होती. द रोदचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. हनोईतल्या खाणावळीची पाटी वाचताना मराठी प्रवाशाला मनात थोडी आपुलकी वाटली, तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

* * *

या स्वयंपाकाचा पाया तांदूळ. कोकणातला माणूस हनोईत गेला तर त्याला परके वाटू नये. तांदळाच्या पिठाचे ‘बुन’ पाहिले की शिरवळ्यांची आठवण व्हावी. फरक एवढाच की आपण शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवतो आणि ते बुन खारट-आंबट रश्शात. ‘बान कुओन’ म्हणजे तर आपल्या फेण्यांची धाकटी बहीण. वाफाळत्या पातेल्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर तांदळाचे पातळ पीठ पसरायचे, झाकण ठेवायचे, क्षणभराने बांबूच्या पातळ कामटीने ते पापुद्र्यासारखे उचलून घ्यायचे. आत बहुधा खिमा आणि काळ्या अळिंब्यांचे सारण, वर तळलेला कांदा. शहराच्या दक्षिणेला नदीकाठी असलेले थान त्री हे गाव यासाठी प्रसिद्ध. तेथल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटे शहरात येत. त्यांचे पापुद्रे इतके पातळ असत की त्यांत सारण भरायचीही गरज वाटत नसे.

या साऱ्याला जोड ‘न्युओक माम’ची. मासळी आणि मीठ मोठ्या पिंपांत कित्येक महिने मुरवून जो तांबूस, नितळ द्रव निघतो तो हा. ज्या देशात भात मुबलक आणि मांसमासळी बेताची, तेथे चार थेंबांत साऱ्या भाताला चव आणणारी ही युक्ती. आपल्याकडे गरिबाच्या भाकरीला सुक्या जवळ्याची चटणी जशी साथ देते, तसेच हे. लिंबू, साखर, लसूण आणि मिरची घालून तो द्रव पातळ केला की त्यात बुडवून खाण्याची चटणी तयार होते. हनोईचे निम्मे जेवण या एका वाटीच्या आधारावर उभे असते.

‘चा का’ या पदार्थाने तर एका रस्त्याचे नावच बदलले. पूर्वी ‘हांग सोन’ म्हणजे रंगरोगणाची गल्ली असलेल्या भागात दोआन नावाच्या कुटुंबाचे मासळीचे दुकान होते. ते इतके गाजले की गल्लीलाच ‘चा का’ म्हणू लागले. दुकानाच्या परंपरेप्रमाणे आरंभ १८७१ चा. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या दे थाम या बंडखोर पुढाऱ्याचे लोक या घरी लपूनछपून जेवायला येत आणि त्यांच्यासाठी हा पदार्थ सिद्ध झाला, असेही सांगतात. दे थामचा उठाव १८८४ नंतरचा, तेव्हा दोन्ही गोष्टींचा मेळ नीट बसत नाही. परंतु पारतंत्र्यातल्या शहराला आपल्या आवडत्या पदार्थाशी बंडखोरांचे नाव जोडावेसे वाटले, हीसुद्धा इतिहासाचीच नोंद आहे. दुकानाचे नाव ‘ला व्हाँग’. चिनी कथेतला हा म्हातारा बिनआकड्याचा गळ टाकून, योग्य राजाची वाट पाहत नदीकाठी बसला होता. थांबून राहण्याचे हे दैवत त्या दुकानाने का निवडले असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

पदार्थ मात्र मराठी जिभेला थक्क करणारा आहे. नदीतल्या मासळीचे तुकडे हळद आणि कुळंजन लावून मुरवायचे, निखाऱ्यावर भाजायचे, आणि मग ताटाजवळच्या शेगडीवर तेलात परतताना त्यांत मूठमूठ हिरवी भाजी लोटायची. ती भाजी म्हणजे कांद्याची पात आणि चक्क आपला शेपू! आपल्या घरांत ज्या शेपूवरून पोरे नाके मुरडतात, तोच येथे हळदीच्या मासळीबरोबर राजासारखा मिरवतो. वर भाजलेले शेंगदाणे, खाली बुन, आणि बाजूला ‘माम तोम’ नावाची मुरवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी. तिचा वास उग्र आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

* * *

आता ‘फो’. रोमन अक्षरे पाहून आपण ‘फो’ म्हणतो. खरा उच्चार ‘फ’च्या जवळचा, तोही प्रश्न विचारल्यासारखा वर उचललेला. हनोईचा मानबिंदू असलेला हा पदार्थ फार प्राचीन असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकाच्या आरंभाचा. १९३१ च्या सुमारास निघालेल्या एका व्हिएतनामी शब्दकोशात हा शब्द दिला आहे आणि त्याची व्युत्पत्ती तांदळाच्या शेवयांच्या चिनी शब्दाशी जोडली आहे. दुसरे काही अभ्यासक फ्रेंचांच्या ‘पो-तो-फ’ या मांसाच्या रश्शाकडे बोट दाखवतात.

वाद बाजूला ठेवला तरी घडले ते साधारण असे. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या घरी बैल आणि रेडा हे औताचे जनावर. त्याच्या मांसाची चाल फारशी नव्हती. फ्रेंच शिपाई आणि अंमलदार आले तशी गोमांसाची मागणी वाढली. चांगले मांस साहेबाच्या ताटात गेले आणि हाडे व उरलेसुरले तुकडे स्वस्तात बाजारात पडून राहू लागले. नदीकाठी जहाजांवर हमाली करणाऱ्यांना रस्सा विकणाऱ्या फेरीवाल्यांनी ती हाडे उचलली. १८९९ ते १९०२ या काळात तांबड्या नदीवर प्रचंड लोखंडी पूल बांधला गेला. शहरात कारखाने, गोद्या, मजूर वाढले. नाम दिन्हजवळच्या वान कू नावाच्या खेड्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हनोईत येऊन फो विकू लागले. खांद्यावर कावड, तिच्या एका टोकाला पेटती चूल आणि रश्शाचे पातेले, दुसऱ्या टोकाला वाडगे, शेवया आणि कांद्याची पात. ओंरी ओझे या फ्रेंच गृहस्थाने १९०८-०९ मध्ये हनोईतल्या कारागिरांची आणि फेरीवाल्यांची चार हजारांवर चित्रे करवून घेतली. ती चाळली की त्या काळच्या रस्त्यावरचे हे चालते-फिरते जग अजून पाहायला मिळते.

साहेबाने टाकलेली हाडे रात्रभर मंद आचेवर उकळत ठेवायची. आले आणि कांदा सालासकट विस्तवावर काळे होईतो भाजून त्यात घालायचे. मग दालचिनी, मसाल्याची मोठी वेलची आणि बाद्यान. कांदा भाजून वाटण करणाऱ्या आणि गोड्या मसाल्यात बाद्यान टाकणाऱ्या आपल्या गृहिणींना या रश्शाचा सुगंध ओळखीचा वाटेल. बाद्यानाचे झाड मूळचे दक्षिण चीनचे आणि उत्तर व्हिएतनामचे. हनोईच्या उत्तरेचा लांग सोन प्रांत त्यासाठी नावाजलेला आहे. तेव्हा ओळख पटली तर ती खरी ओळख समजावी!

ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांच्यासाठी इतिहासानेच एक सोय करून ठेवली आहे. १९३९ च्या सुमारास आठवड्यातून दोन दिवस शहरात गोमांसाची विक्री बंद असे. ते दोन दिवस कसे काढायचे? विक्रेत्यांनी कोंबडीचा रस्सा केला. शिष्ट रसिकांनी सुरुवातीला नाके मुरडली. पण लिंबाच्या पानांची बारीक चिरलेली हिरवी कात्रणे वर पडली आणि ‘फो गा’ टिकला तो कायमचा. मराठी प्रवाशाने हनोईत पहाटे उठून तोच मागावा. हो, पहाटे, कारण फो हे तेथे मुख्यतः न्याहारीचे खाणे आहे. रस्त्याकडेच्या वीतभर उंचीच्या स्टुलावर बसावे, आधी नुसता रस्सा चाखावा, मग लिंबू पिळावे. चाखण्याआधीच लिंबू पिळणारा नवखा आहे हे तेथे लगेच ओळखतात.

* * *

या पदार्थांची मौज वाचताना एक वर्ष विसरून चालणार नाही. ते म्हणजे १९४५. जपानी फौजा १९४० मध्येच देशात शिरल्या होत्या. शेतकऱ्यांकडून सक्तीने भात वसूल केला जाई, काही ठिकाणी भाताऐवजी ताग लावायला लावीत. दोस्तांच्या बाँबफेकीने दक्षिणेकडून तांदूळ आणणाऱ्या वाटा तुटल्या आणि त्यातच पूर आले. उत्तरेत असा दुष्काळ पडला की खेड्यांतून माणसे हनोईकडे चालत निघाली आणि शहराच्या फुटपाथांवर पडून मेली. बंगालमध्ये १९४३ साली जे झाले, त्याचीच ही आवृत्ती. मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत दिले जातात. २ सप्टेंबर १९४५ रोजी बा दिन्ह मैदानावर हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली, तीत वीस लाखांहून अधिक हा आकडा आहे. नव्या सरकारचे पहिले आवाहन पोटाशी निगडित होते: दर दहा दिवसांनी एक जेवण सोडा आणि तो तांदूळ उपाशी माणसासाठी द्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हाकेला ओ देऊन ज्या मराठी घरांनी सोमवारची रात्र उपाशी काढली, त्यांना या आवाहनाचे मोल सांगायला नको. हनोईतला म्हातारा माणूस वाडग्यातले शेवटचे शीत टिपून खातो, त्यामागे ही स्मृती आहे.

त्याच दुष्काळी काळाचे एक गोड अपत्य म्हणजे अंडे घातलेली कॉफी. कॉफीचे रोप फ्रेंच पाद्र्यांनी १८५७ मध्ये आणले. १९०१ साली उघडलेल्या मेत्रोपोल हॉटेलात ती दुधासह साहेबलोकांना मिळे. १९४६ मध्ये दुधाचा तुटवडा झाला, तेव्हा तेथील गुयेन व्हान ज्यांग या पेयवाढ्याने दुधाच्या सायीऐवजी अंड्याचा बलक साखर घालून फेस येईतो फेटला आणि काळ्या कॉफीवर ओतला. पुढे त्याने स्वतःचे उपाहारगृह काढले आणि ते त्याच्या कुटुंबाने चालवले. कपभर गरम पाण्यात ठेवून देतात तो हा पदार्थ चमच्याने खायचा की प्यायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

* * *

१९५४ मध्ये फ्रेंच गेले. १० ऑक्टोबरला व्हिएतनामी सैन्य हनोईत शिरले आणि त्यानंतर आठवड्याभरातच पंडित नेहरू तेथे पोहोचले. जिनिव्हा कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्षपद भारताकडे आले. परंतु त्या कराराने देशाचे दोन तुकडे केले होते. आठ लाखांहून अधिक माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली आणि त्यांच्या गाठोड्यात फोही गेला. सायगावात तो गोडसर झाला, त्यावर मोड आलेले मूग आणि तुळशीच्या जातीचा पाला पडू लागला. हनोईचा माणूस आजही त्या थाटाकडे पाहून मंदसे हसतो. आपल्याकडे कोल्हापूरकराने पुणेरी मिसळीकडे पाहावे, तसे!

फाळणीने एका लेखकाकडून जे लिहवून घेतले ते या कहाणीचे मर्म आहे. हनोईच्या खाण्यावर थाच लाम याने आधीच सुंदर लिहिले होते. १९४२ मध्ये ऐन बत्तिशीत तो गेला आणि पुस्तक मागाहून, १९४३ मध्ये आले. १९५७ मध्ये गुयेन तुआन याने केवळ ‘फो’ या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला, आणि देश घडवायचे सोडून हा रश्शाची चर्चा करतो म्हणून त्याच्यावर टीका झाली. तिसरा वु बांग. तो १९५४ मध्ये सायगावला गेला. पत्नी हनोईत राहिली. सीमा बंद झाली. १९६० मध्ये त्याचे ‘हनोईचे रुचकर घास’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. फो, बान कुओन, कोम, चा का, एकेका पदार्थावर एकेक प्रकरण. त्याच वर्षी त्याने दुसरे पुस्तक लिहायला घेतले: बारा महिने, प्रत्येक महिन्यातले हनोईचे हवापाणी, फुले आणि पत्नीच्या हातचे जेवण. ते लिहिता लिहिता अकरा वर्षे गेली. १९६७ मध्ये पत्नी हनोईत वारली. पुस्तक १९७२ मध्ये छापले गेले.

उत्तर सोडून गेलेला म्हणून त्याच्याकडे कित्येक जण संशयाने पाहत. १९८४ मध्ये तो सायगावातच वारला. आणि २००० साली सरकारी रीतीने जाहीर झाले की वु बांग हा उत्तरेच्या गुप्तहेर खात्याचा माणूस होता. त्याला कामगिरीवर दक्षिणेत पाठवले होते. अर्ध्या आयुष्यात जे एका शब्दाने बोलता येत नव्हते, ते त्याने रश्शाच्या वाफेत आणि कमळाच्या पानात गुंडाळून सांगितले. आज हनोईच्या खाण्याविषयी कोणी दोन ओळी लिहिल्या, तरी त्यांवर त्याची सावली पडलेली असते.

तिकडे उत्तरेतही फोचे दिवस सुखाचे नव्हते. साठीच्या दशकात अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमाने हनोईवर घिरट्या घालू लागली, आणि सरकारी दुकानांत मांस नसलेला फो मिळू लागला. हनोईकरांनी त्याला नाव ठेवले ‘वैमानिकाविना फो’! बाँब पडत असताना ज्यांना असा विनोद सुचतो त्यांना हरवणे कठीण. १९७५ मध्ये युद्ध संपले, देश एक झाला. पण टंचाई संपली नाही. शिधापत्रिका, कुपने आणि पहाटेपासूनच्या रांगा यांचा काळ १९८६ पर्यंत चालला. मदत म्हणून आलेला गव्हाचा आटा पोटात ढकलावा लागे, आणि फोच्या पातळ रश्शात घरून आणलेला शिळा भात कालवून लोक पोट भरीत. १९८६ च्या डिसेंबरात आर्थिक धोरण पालटले, खासगी दुकाने पुन्हा उघडली, आणि फुटपाथावर कावडी परत दिसू लागल्या.

दुपारच्या वेळी जुन्या हनोईत जो खमंग धूर पसरतो तो ‘बुन चा’चा. डुकराच्या मांसाचे तुकडे आणि लहान वड्या कोळशावर भाजून, कच्च्या पपईच्या चकत्या घातलेल्या आंबट-गोड पाण्यात टाकतात. शेजारी बुन आणि ताज्या पाल्याचा ढीग. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा हनोईत आले, तेव्हा ले व्हान हू रस्त्यावरच्या एका साध्या दुकानात अँथनी बोर्डेन या लेखकाबरोबर बसून ते हेच जेवले. दोघांचे मिळून बिल सहा डॉलर झाले. त्याच शहरातल्या खाम थिएन रस्त्यावर २६ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकन विमानांनी बाँब टाकून घरेच्या घरे भुईसपाट केली होती. दुकानदाराने ते टेबल पुढे काचेच्या पेटीत जपून ठेवले. काही लोक त्याला जाहिरात म्हणतात. पण ज्याने आपल्यावर आग टाकली त्याच्या देशाचा प्रमुख आपल्या शेगडीपाशी पाहुणा म्हणून बसावा, हे जपण्यासारखे वाटले, तर त्यात नवल कसले?

शाकाहारी वाचकांनीही निराश होऊ नये. बौद्ध रिवाजाप्रमाणे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ व्हिएतनामी लोक मांसमासळी टाळतात, आपल्याकडच्या एकादशीसारखे. ‘चाय’ हा शब्द तेवढा पाठ करावा. तो पाटीवर असला की आत शाकाहारी जेवण मिळेल. मात्र नुसता पाला दिसला म्हणून पदार्थ शाकाहारी समजू नये. न्युओक माम कोठे दडून बसले असेल याचा नेम नसतो.

* * *

आता शेवटचे दोन घास, आणि दोन्ही सणाचे. तेतच्या आदल्या रात्री ‘बान चुंग’ शिजतात. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि मांस हिरव्या पानांत चौकोनी बांधून ते गठ्ठे दहा-बारा तास उकळावे लागतात; मुले चुलीपाशी जागत बसतात. जुनी कथा अशी. हुंग राजाने मुलांना सांगितले, पूर्वजांना सर्वांत उत्तम नैवेद्य जो आणील त्याला गादी. इतर राजपुत्र दूरदूरची दुर्मीळ पक्वान्ने शोधायला धावले. लांग लिएउ हा सर्वांत गरीब; त्याच्यापाशी तांदळावाचून काही नव्हते. स्वप्नात त्याला सांगणे झाले की तांदळाहून मोलाचे जगात काही नाही. त्याने पृथ्वीच्या आकाराचा चौकोनी आणि आकाशाच्या आकाराचा गोल, असे तांदळाचेच दोन पदार्थ केले, आणि राज्य त्याला मिळाले.

दुसरा घास ‘कोम’चा. हनोईच्या पश्चिमेचे वाँग हे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे, पण नाव टिकून आहे. चिकट भाताचे दाणे दुधावर असतानाच कापायचे, लोखंडी कढईत मंद भाजायचे, उखळात कांडायचे, पाखडायचे, पुन्हा कांडायचे. जे हाती येते ते हिरवे, मऊ, सुगंधी पोहे! हुरड्याची कोवळीक आणि पोह्यांचे रूप असे ते मिश्रण. कमळाच्या पानात बांधून, भाताच्या काडीने गाठ मारून ते विकतात. पूर्वी वराकडून वधूच्या घरी जाणाऱ्या भेटीत तांबड्या टेंभुर्णीच्या जातीच्या फळांसोबत कोम असे. हिरवा आणि तांबडा, ही जोडी शुभ.

वाँगची माणसे कोमचा उगम असा सांगतात. फार पूर्वी एका शरद ऋतूत भात दाण्यावर येत असतानाच पूर आला. पीक बुडाले. उपासमार टाळण्यासाठी लोकांनी पाण्यातून अर्धवट भरलेली कणसे कापून आणली, भाजली, कांडली आणि कशीबशी खाल्ली. पुढच्या वर्षी पीक उत्तम आले, तरी त्यांनी थोडे हिरवेच कापले. कारण ती चव जिभेवरून जाईना.

कोमचे दिवसही आपल्या नव्या पोह्यांच्या आगेमागेच येतात. कोकणात आणि गोव्यात दिवाळीच्या पहाटे नव्या भाताचे पोहे वाढले जातात, त्याच सुमारास तिकडे कमळाची पाने सुटत असतात. कोम खाण्याची तिकडची रीत अशी की मूठ भरून तोंडात टाकायचे नाहीत. तीन बोटांच्या चिमटीत थोडेच घ्यायचे आणि सावकाश चावायचे. सोबत पिकलेले केळे आणि हिरवा चहा. पानात जे सांडले असेल तेही टिपून घ्यायचे.